हॉलमध्ये बातम्या लावल्या की आतल्या खोलीतली मालिका जाते

आमच्या घरात हे भांडण दोन वर्षं चाललं. संध्याकाळी बाबा, म्हणजे माझे सासरे, हॉलमध्ये बातम्या लावून बसायचे आणि सासूबाई आतल्या खोलीत मालिका बघायच्या. मधेच आतून हाक यायची, "अहो, काय केलंत? परत गेलं!" बाहेरून ठरलेलं उत्तर, "मी कशाला काय करतोय? फक्त चॅनेल बदललं." दोघंही खरं बोलत होते, हे कळायला मला दोन वर्षं आणि एक शंभर पानी वही लागली.

घर विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, जुनी चार मजली इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. गच्चीवर एक छत्री, म्हणजे डिश अँटेना. तिची एकच वायर डक्टमधून खाली येते, हॉलच्या खिडकीशी एका चपट्या डबीत शिरते. डबीतून एक तुकडा हॉलच्या बॉक्सला, दुसरा दाराच्या चौकटीवरून आतल्या खोलीत. दुसरा बॉक्स, दुसरं कार्ड, दोन्हींचं रिचार्ज रीतसर. म्हणजे पैशांच्या बाजूने कुठे काही अडलेलं नव्हतं.

छत्रीवाला तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याने आतला बॉक्स बदलून दिला. दुसऱ्यांदा "वायर लांब आहे, सिग्नल पडतोय" म्हणून बूस्टर लावला. तिसऱ्यांदा गच्चीवर जाऊन छत्री इंचभर हलवून आला. प्रत्येक वेळी तो असेपर्यंत दोन्ही टीव्ही झकास चालायचे, सही घेऊन तो जिना उतरला की तासाभरात सासूबाईंची हाक. शेवटच्या खेपेला मी त्याच्या मागे उभी राहिले तेव्हा लक्षात आलं. तपासताना तो दोन्ही टीव्हींवर तेच चॅनेल लावायचा! ते चालणारच होतं.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, पण नोकरी बँकेतली. सोल्डरिंगचं यंत्र हातात धरून पंधरा वर्षं झालेली. तरी त्या रात्री टीपॉयवर वही ठेवली आणि रकाने आखले: वेळ, हॉलमध्ये कोणतं चॅनेल, आत कोणतं, आत चाललं की गेलं. चार दिवस घरातल्या सगळ्यांनी ते भरलं. बाबांनी तर शेरेही लिहिले. चौथ्या दिवशी वही उघडली तर चित्र स्वच्छ होतं. हॉलमध्ये ठराविक चॅनेल असले की आतले ठराविक चॅनेल जातात, बाकीचे राहतात. आणि उलटही होतं: आतल्या खोलीत काही चॅनेल लावले की हॉलमधले जातात. बाबा सारखं चॅनेल फिरवतात म्हणून दोष त्यांच्या माथी बसला होता एवढंच.

वायर वरही बोलते

छत्रीच्या तोंडाशी जो ठोकळा असतो तो एलएनबी. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी १० ते १२ गिगाहर्ट्झच्या घरातल्या असतात. इतक्या वरच्या लहरी साध्या वायरीतून दोन मजलेही धड खाली येणार नाहीत, म्हणून एलएनबी त्यांना तिथेच ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवतो आणि भरपूर वाढवून खाली सोडतो. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं.

पुढचं मात्र दुकानदारही सांगत नाहीत. जागा वाचावी म्हणून उपग्रह आपले चॅनेल दोन गटांत पाठवतो. एका गटाच्या लहरी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. साधा एलएनबी एका वेळी एकाच गटाला खाली सोडतो. कोणता, हे त्याला बॉक्स सांगतो, आणि सांगतो त्याच वायरीतून, वीजदाबाने. १३ व्होल्ट दिले तर उभा गट, १८ दिले तर आडवा. तुम्ही रिमोटवर चॅनेल बदलता तेव्हा बॉक्स गरजेप्रमाणे दाब बदलतो. वरच्या आणि खालच्या पट्ट्यात निवड करायची असेल तर त्यावर २२ किलोहर्ट्झचा एक सूरही चढवतो. म्हणजे कार्यक्रम खाली येतो आणि हुकूम वर जातो, दोन्ही एकाच वायरीतून.

आता त्या वायरीला स्प्लिटर, म्हणजे खिडकीशी असलेल्या त्या चपट्या डबीसारखी वाटे पाडणारी डबी, लावून दोन बॉक्स जोडले की एलएनबीला दोन धनी झाले. बाबांच्या बॉक्सने १८ मागितले, सासूबाईंच्या बॉक्सने १३. आमच्या डबीत दोन्ही फाट्यांतून दाब वर जात होता. अशा वेळी जास्त दाब जिंकतो, एलएनबी आडव्या गटावर जातो आणि उभ्या गटातली मालिका "नो सिग्नल". दोघांना एकाच गटातलं हवं असेल तेव्हा घरात शांतता. काही स्प्लिटरमध्ये एकाच फाट्यातून दाब वर जातो. तिथे मग हॉलचाच कारभार चालतो, आतल्या खोलीला हॉल देईल ते बघावं लागतं.

ही खात्री पाच मिनिटांत होते. हॉलचा बॉक्स रिमोटने नाही, भिंतीवरच्या बटणाने बंद करा. रिमोटने झोपवलेले बरेच बॉक्स वायरीत दाब सोडतच राहतात. बटण बंद केल्यावर आतल्या खोलीत गेलेले चॅनेल परत आले तर तुमचा आजार आमच्यासारखाच. ना बॉक्स बदलून जाणार, ना बूस्टरने. स्प्लिटरमधून दाब फक्त हॉलच्याच फाट्याने जात असेल तर मात्र हॉलचं बटण बंद होताच आतला टीव्ही पुरता जाईल. तीही खूणच समजा.

केबलची वायर असेल तर वेगळी गोष्ट

आधी एवढं बघा, की तुमची वायर येते कुठून. केबलवाल्याकडून येत असेल तर वरचं काहीही लागू नाही. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबल बॉक्सशिवाय दिसेनाशी झाली, तरी त्या वायरीत सगळे चॅनेल एकाच वेळी असतात. वर हुकूम जात नाही, बॉक्स फक्त आपल्याला हवं ते उचलतो. तिथे स्प्लिटर बिनधास्त लावा. फक्त वाटणीचा हिशोब ठेवा. दोन वाटे केले की प्रत्येक वाट्याला अर्ध्याहून थोडं कमी येतं, डेसिबलच्या भाषेत साडेतीन ते चारचा घाटा. चार वाटे केले की सात-आठचा. आणि केबलवाल्याने आधीच जिन्यात वाटे पाडलेले असतात, ते मोजायला विसरू नका. स्प्लिटरचं एक तोंड मोकळं राहिलं तर त्यावर ७५ ओहमची टोपी बसवा. उघडं तोंड लाट परत फिरवतं.

जुन्या अँटेनाचंही असंच होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि माझ्या आजोळी, परळच्या चाळीत, कौलांवरच्या सगळ्या काड्यांचं तोंड वरळीच्या मनोऱ्याकडे असायचं. तेव्हा अँटेनावरून चपटी, दोन तारांची वायर यायची. ती ३०० ओहमची. नंतर गोल वायर आली, ती ७५ ओहमची. दोन्ही थेट जोडल्या की पडद्यावर माणसामागे त्याचं भूत दिसायचं, कारण जोडाशी लाट आपटून मागे फिरायची. मधे या दोन वायरींचा मेळ घालणारी बालूनची डबी लावली की भूत पळायचं. दूरदर्शनने जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केलं, भूतं गेली. डिजिटलमध्ये खराब जोडाने भूत दिसत नाही, चित्राचे चौकोन पडतात किंवा काहीच येत नाही. त्यामुळे दोष कुठे आहे हे पडद्याकडे बघून कळण्याची सोयही गेली.

आम्ही काय केलं

छत्री तीच ठेवली. एलएनबी बदलून दोन तोंडांचा लावला, ज्याला ट्विन म्हणतात. आत दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, प्रत्येक तोंड आपापल्या बॉक्सचं ऐकतं. गच्चीवरून दुसरी वायर खाली आणली. डबी काढून टाकली. इतकंच. ज्या संध्याकाळी हे झालं त्या संध्याकाळी बाबांनी मुद्दाम वीसेक वेळा चॅनेल फिरवलं आणि आतून एकही हाक आली नाही, तर तेच उठून आत बघायला गेले.

एलएनबी घेताना दोन गोष्टी बघा. एक, दोन तोंडं दिसली म्हणजे ट्विनच असं नाही. काही जुन्या प्रकारात एक तोंड कायम उभ्याचं आणि दुसरं कायम आडव्याचं असतं. ते बाहेरून मल्टिस्विच, म्हणजे एका छत्रीवर बरेच बॉक्स स्वतंत्रपणे चालवणारा डबा, लावण्यासाठी असतात, आपल्या कामाचे नाहीत. दोन, लेबलवर लोकल ऑसिलेटरचा आकडा असतो, म्हणजे एलएनबी लहरी कितीने खाली उतरवतो तो. युनिव्हर्सल प्रकारात तो ९७५० आणि १०६०० मेगाहर्ट्झ असतो. आधीचा एलएनबी उतरवून त्याच्या लेबलचा फोटो काढा आणि तोच दाखवून घ्या. मी लॅमिंग्टन रोडवरून घेतला. त्या रस्त्याला डॉ. भडकमकर मार्ग असं नाव आहे खरं, पण पत्ता विचारताना ते उच्चारणारा मला अजून भेटला नाही. तिथल्या दुकानदाराने फोटो बघून न विचारता योग्य वस्तू काढून दिली.

दुसरी वायर डक्टमधून आणायला सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगावं लागतं, ते सांगा. आमच्या डक्टमध्ये कबुतरांनी संसार मांडलेला, तेव्हा नाकाला रुमाल बांधून जा.

इमारत उंच असेल, घरोघरी चार-चार टीव्ही असतील तर सोसायटीने मिळून एक छत्री आणि मल्टिस्विच लावणं जास्त शहाणपणाचं. प्रत्येक घराची छत्री कठड्यावर आणि प्रत्येकाची वायर डक्टमध्ये, याचा शेवट काय होतो ते मुंबईतल्या कुठल्याही गच्चीवर दिसतं.

मग जुलै आला

डिसेंबर ते जून सगळं सुरळीत. जुलैत आतल्या खोलीतले चॅनेल पुन्हा गेले. बाबांचा बॉक्स बंद करून पाहिला, फरक नाही. म्हणजे जुना आजार नव्हे. पण गेलेले चॅनेल वहीशी ताडून बघितले तर सगळेच्या सगळे आडव्या गटातले. उभे ठणठणीत.

अर्धेच चॅनेल जातात तेव्हा विचार असा करायचा: लहरी येतायत, नाहीतर उभेही दिसले नसते. मग १८ व्होल्ट वर पोचत नसणार. एलएनबीला दाब साधारण १५च्या खाली गेला की तो १३च समजतो आणि उभ्या गटावरच बसून राहतो. दाब पडतो कुठे? वायरीत किंवा जोडात.

मी मल्टिमीटर घेऊन गच्चीवर गेले, एलएनबीची पिन काढून वायरीच्या टोकाला लावला. १८ दाखवले. बरोबर १८! तासभर डोकं खाजवलं, मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. मीटर वीज जवळजवळ खातच नाही, तेव्हा गंजका जोडसुद्धा त्याला पूर्ण दाब देणार. एलएनबी १००-१५० मिलिअँपिअर ओढतो तेव्हा खरं कळतं. मग दुसरी परीक्षा केली. बॉक्सकडचं टोक बॉक्समधून काढलं, वरच्या टोकाला मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी एकमेकींना टेकवली आणि खालून ओहम मोजले. चांगली पंचवीस-तीस मीटर वायर असेल तर आकडा पाचच्या आत यायला हवा. आमचा आला २२. दीडशे मिलिअँपिअरला तीन व्होल्टांहून जास्त तिथेच गडप, म्हणजे १८चे पंधराच्या खाली.

वायर सगळी ओढून पाहिली तर तिसऱ्या मजल्याच्या पातळीवर डक्टमध्ये जोड सापडला. वायर दोन मीटर कमी पडली म्हणून छत्रीवाल्याने तुकडा पिळून जोडला होता, वर काळी टेप. टेपचा चीक उन्हाने वितळून गेलेला, आत पाणी, जाळीचं पांढरं पीठ झालेलं. विजेच्या वायरी पिळून जोडतात तशी ही वायर जोडता येत नाही. दाब कसाबसा जाईल, पण दोन हजार मेगाहर्ट्झच्या लाटेला तो जोड भिंतीसारखा. जोड टाळता येतच नसेल तर दोन्ही टोकांना एफ कनेक्टर, म्हणजे बॉक्समध्ये घालतो तीच पिन, आणि मधे त्यांना जोडणारा जॉइनर. आम्ही अख्खी वायर बदलली.

कनेक्टर बसवताना

खरं सांगायचं तर घरातल्या दहातल्या आठ तक्रारी इथे असतात, म्हणून इथे जरा थांबते.

सगळ्यात आधी बॉक्सची वीज बंद. वायरीत १८ व्होल्ट असतात, तुम्हाला झटका बसणार नाही, पण जाळीचा एक केस मधल्या तारेला लागला की बॉक्सचं दाब देणारं सर्किट जाऊ शकतं. चांगला बॉक्स "शॉर्ट" असा संदेश देऊन स्वतःला वाचवतो, सगळेच वाचवत नाहीत.

वायर आरजी-६ घ्या. बारीक, लवचीक आरजी-५९ सुंदर वळते आणि सिग्नल खाते. वायरीचं बाहेरचं साल काढलं की जाळी मागे दुमडा, एकही केस पुढे राहू देऊ नका. आतलं पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या तळाशी बरोबर टेकलं पाहिजे, पुढे आलं तर पिन बसत नाही, मागे राहिलं तर आत पोकळी राहते. मधली तार कनेक्टरच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर बाहेर. जास्त लांब ठेवली तर बॉक्सच्या आतलं तोंड वाकवते, कमी ठेवली तर कधी लागते, कधी नाही. त्या कधी लागणाऱ्या तारेमुळेच "टीव्हीवर चापट मारली की येतं" हा प्रकार होतो. पिळून बसवायचे कनेक्टर घरात चालतील. गच्चीवर दाबून बसवायचे, कॉम्प्रेशनचे वापरा, त्याच्या पकडीसह.

गच्चीवरच्या कनेक्टरवर काळी टेप नको. स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती ताणून गुंडाळा. काहीजण वर सिलिकॉन थापतात. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते लावू नका, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. आणि एलएनबीपाशी वायर सरळ खाली आणू नका. तिला एक झोळ द्या, झोळाच्या तळाशी पाणी ठिबकेल, कनेक्टरकडे जाणार नाही. समुद्राजवळच्या इमारतींत खारं वारं हे काम दुप्पट वेगाने बिघडवतं. वर्सोव्याला माझ्या मावशीकडे छत्रीचे नटही दर दोन वर्षांनी बदलावे लागतात.

बूस्टर

बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्या असतात, एक स्ट्रेंग्थ, एक क्वालिटी. लोक पहिली बघतात. पहिली सांगते वायरीत एकूण किती काही येतंय, त्यात कचराही आला. दुसरी सांगते त्यातलं कामाचं किती. बूस्टर लावला की पहिली पट्टी छान वर जाते, दुसरी जिथल्या तिथे. आमच्याकडे तर कमीच झाली.

एलएनबी स्वतःच सिग्नल ५०-६० डेसिबलने वाढवून खाली सोडतो. आरजी-६ची शंभर मीटर वायर दोन हजार मेगाहर्ट्झच्या आसपास तीसेक डेसिबल खाते, म्हणजे आमच्या पंचवीस मीटरमध्ये आठच्या आत. एवढ्याने काही अडत नाही. चार मजली इमारतीत "वायर लांब आहे" हे कारण कुणी सांगितलं तर नम्रपणे ऐकून घ्या. वीस मजली इमारतीत, पन्नास-साठ मीटरच्या पुढे, बूस्टरचा उपयोग होतो, पण तो वर, एलएनबीजवळ लावला तर. टीव्हीमागे लावलेला बूस्टर वाटेत आधीच बुडालेलं वाढवू शकत नाही.

केबलसाठीचा स्प्लिटर छत्रीच्या वायरीवर लावणं ही याच जातीची चूक. त्याच्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. छत्रीचा बराचसा मजकूर त्याच्या वरचा. छत्रीच्या वायरीला काही लावायचंच झालं तर २४००च्या आसपासचा आकडा असलेलं लावा.

दोन्ही टीव्ही एकदम गेले तर

मग घरातल्या वायरीत शोधू नका, कारण वर आहे. धो धो पावसात छत्रीवरचं चित्र जाणं नैसर्गिक आहे. दहा-पंधरा मिनिटांत येतं, चहा टाका. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही मिनिटं चित्र बिघडतं. दूरदर्शनची फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५वर आहे, तिच्यावर मुंबईत हे सकाळी अकराच्या सुमारास होतं. त्याला उपाय नाही, गरजही नाही.

उघड्या आकाशातही येत नसेल तर गच्चीवर जाऊन छत्री ज्या बाजूला बघते तिकडे बघा. मुंबईत फ्री डिशची छत्री आग्नेयेला बघते, क्षितिजापासून सत्तावन्न अंशांच्या आसपास वर. या कोनाचा हिशोब सोपा आहे. समोर दहा मीटरवर इमारत असेल तर ती छत्रीपेक्षा साधारण सोळा मीटर उंच झाली तरच आड येईल. आमच्या नगरात पुनर्विकासाची बांधकामं चालू आहेत, एकेक टॉवर उठतोय, तेव्हा हा हिशोब मी मजल्यांत करून ठेवलाय. आपल्या गच्चीपेक्षा पाच मजले जास्त आणि तेही इतक्या जवळ. अजून तरी आम्ही वाचलोय. त्याहून जास्त नडते ती गच्चीवरची पत्र्याची शेड. गळती थांबवायला सोसायटी मे महिन्यात शेड घालते आणि कुणाची तरी छत्री तिच्याखाली राहून जाते. मग तो बिचारा जूनभर बॉक्स बदलतो.

ज्यांना दोन्ही खोल्यांत एकच कार्यक्रम चालणार असेल त्यांना यातलं काही करायला नको. एकाच बॉक्समधून एचडीएमआय स्प्लिटर घेऊन दुसरी वायर आत न्या, दहा मीटरच्या आत असेल तर साध्या वायरीने भागतं. रिमोट तेवढा हॉलमध्येच दाखवावा लागेल. आमच्याकडे हे सुचवून पाहिलं होतं. सासूबाईंनी उत्तर दिलं नाही, नुसतं बाबांकडे बघितलं.

आता नणंद म्हणते स्वयंपाकघरातही एक टीव्ही हवा. चार तोंडांचा एलएनबी मिळतो, पण तिसरी वायर डक्टमधून आणायची तर कबुतरं आणि सेक्रेटरी, दोघांशी पुन्हा बोलावं लागेल. तूर्त तिला मोबाइलचा स्टँड घेऊन दिलाय.